सम की विषम? कोडमधल्या एका चिन्हामागचे जॉर्ज बूल

संख्या सम की विषम हे भागाकार न करताही कळते. १३ बायनरीत लिहा: ११०१. शेवटचा बिट १, म्हणून विषम. प्रोग्राममध्ये संख्येचे १ सोबत 'अँड' केले की नेमका हाच बिट हाती येतो. या 'अँड'चे गणित मांडणारे जॉर्ज बूल १८६४ मध्येच गेले.

जन्म २ नोव्हेंबर १८१५ चा, इंग्लंडमधील लिंकनचा. वडील बूट शिवत, पण जीव दुर्बिणींमध्ये अडकलेला. धंदा बुडाला आणि सोळाव्या वर्षी जॉर्जना शिक्षकाची नोकरी धरावी लागली. कॉलेजला जाणे जमलेच नाही. गणित पुस्तकांतूनच शिकले. तरीही १८४४ मध्ये रॉयल सोसायटीचे पदक मिळाले आणि १८४९ मध्ये, पदवी नसताना, आयर्लंडमधील कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक झाले.

त्यांची युक्ती ऐकायला अगदी साधी आहे. कळपातून पांढऱ्या मेंढ्या निवडल्या, त्यांतून पुन्हा पांढऱ्याच निवडल्या, तर हाती त्याच मेंढ्या येतात. 'आणि' म्हणजे गुणाकार मानला, तर याचा अर्थ क्ष चा वर्ग क्ष इतकाच. हा नियम पाळणाऱ्या संख्या दोनच: ० आणि १. दोन्ही बाजूंना १ असेल तरच उत्तर १, एरवी ०. बिटवाइज 'अँड' प्रत्येक बिटवर हेच करते. १८५४ च्या 'लॉज ऑफ थॉट' ग्रंथात हा विचार सविस्तर आहे.

१८५५ मध्ये त्यांचा मेरी एव्हरेस्टशी विवाह झाला. ज्यांच्या नावाने एव्हरेस्ट शिखर ओळखले जाते, त्या भारताच्या सर्व्हेयर जनरलची ही पुतणी. १८६४ च्या नोव्हेंबरात बूल पावसात भिजत कॉलेजला चालत गेले, ओल्या कपड्यांतच तास घेतला आणि आजारी पडले. ८ डिसेंबरला ४९ व्या वर्षी निधन झाले. मागे मेरी आणि पाच मुली.

पुढे ७३ वर्षांनी, १९३७ मध्ये, अमेरिकेतील एमआयटीचा विद्यार्थी क्लॉड शॅनन याने रिले स्विचच्या सर्किटना बूल यांचे बीजगणित लावून दाखवले.

आजची आणखी एक तपासणी पाहा. ८ म्हणजे १०००, ७ म्हणजे ०१११. 'अँड' केले की ०. म्हणजे ८ ही दोनची घात. मात्र शून्यालाही उत्तर ० च येते आणि शून्य दोनची घात नाही. ते आधीच वगळावे लागते. इंटरव्ह्यूत अनेकांची विकेट इथेच पडते.