दोघा भावांतला एक



स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा मला परळचाच एक विद्यार्थी आठवला: भीमराव रामजी आंबेडकर. बाबासाहेबांचं कार्य आपण शाळेत शिकलो. मी लिहितोय ते त्यांच्या घरच्या जमाखर्चाबद्दल.

वडील रामजी सुभेदार पेन्शनर. विसाव्या शतकाच्या आरंभी हे कुटुंब साताऱ्याहून मुंबईत आलं आणि लोअर परळच्या डबक चाळीत राहिलं. एकच खोली, तिथेच स्वयंपाक, तिथेच झोप, तिथेच अभ्यास. दोघा मुलांचं शिक्षण पेन्शनीत भागेना. मग थोरल्या आनंदरावांनी शाळा सोडून नोकरी धरली आणि धाकटा भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत राहिला.

१९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला. कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा केळुसकर गुरुजींनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ मध्ये वडील गेले. त्याच वर्षी बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला शिकायला गेले. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगार ४५० रुपये. तो दिवस पाहायला वडील नव्हते. आणि पगार आला तरी जात सुटली नाही. तिथल्या पाण्याच्या भांड्यावरूनही सहकाऱ्यांनी हरकत घेतली.

शिक्षणाने घर वर येतं, पण त्याची किंमत आधी घरातलंच दुसरं कुणीतरी मोजतं. आमच्याकडे ती ताईने मोजली. सातवीनंतर ती शिवणयंत्रावर बसली, त्यातून माझी फी भरली गेली. मला बँकेत नोकरी लागली, माझं घर सावरलं. ताईचा संसार मात्र अजून महिनाअखेरीला उसनवारीवर चालतो. एकाच आईची दोन लेकरं. फरक फक्त इयत्तांचा.

बाबासाहेबांना ही किंमत ठाऊक होती. कायदेमंडळात त्यांनी मागासलेल्यांचं शिक्षण स्वस्त करा, असा आग्रह धरला. १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा वर्ग सकाळचे ठेवले, म्हणजे नोकरी करणाऱ्यांनाही शिकता यावं. १९५६ मध्ये ते गेले. दादरची चैत्यभूमी आपल्या रोजच्या वाटेवरच आहे.

आपल्या बॅचच्या वर्गणीचं काय करायचं, हे अजून ठरलेलं नाही. माझं मत असं: ती गरजू मुलांच्या फीसाठी ठेवावी. आणि मदत देताना प्रत्येक घरात एवढं जरूर विचारावं, की याच्यासाठी शाळा सोडलेलं दुसरं कुणी आहे का? असेल, तर त्याचीही फी आपण भरू.