माळावरचा कारखानदार

उमापूरला बँकेत असताना विहिरीवरच्या पंपांची कर्जप्रकरणे मी हाताळली. किर्लोस्कर हे नाव शेतकऱ्यांच्या तोंडी असे. त्या नावामागचा माणूस मात्र थोड्यांनाच ठाऊक होता.

लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली जन्मले. रंगांधळेपणामुळे चित्रकला सुटली आणि मन यंत्रांत रमले. मुंबईची शिक्षकाची नोकरी सोडून त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान चालवले. पुढे कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर केले. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीपायी नांगर आधी खपेनात. बेळगावची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ माळरान दिले, कर्जही दिले. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. कारखान्याभोवती कारागीर घडले. गिऱ्हाईक शेजारच्याच शिवारात होते. परदेशी नांगराला देशी पर्याय उभा राहिला. १९५६ साली लक्ष्मणराव गेले, तोवर पंप आणि इंजिनेही देशात होऊ लागली होती.

आमच्या बीड जिल्ह्यातून आजही ऊसतोडीची बिऱ्हाडे पश्चिमेकडे जातात. माळ इथेही आहेत, हुशार पोरेही आहेत. पहिला नांगर खपेपर्यंत धीर धरणारे भांडवल तेवढे इथे यायला हवे.