मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिज्मी : वाटणीचे गणित आणि त्याचा पडताळा

शाळेत बीजगणिताच्या तासाला 'क्ष' पहिल्यांदा भेटतो आणि कित्येक मुलांच्या मनात गणिताची धास्ती बसते ती तेव्हापासूनच. याच अज्ञात संख्येचा शोध एकेकाळी मयताच्या वारसांना त्यांचा हक्क अचूक मिळावा म्हणूनही घेतला जात होता, हे त्या मुलांना सहसा कोणी सांगत नाही. तो शोध ज्यांनी नियमबद्ध केला, त्यांची ओळख आपण करून घेऊ.

मुहम्मद बिन मूसा यांचा जन्म इ. स. ७८०च्या सुमारास झाला. ख्वारिज्म हा अरल समुद्राच्या दक्षिणेचा प्रदेश. आज तो उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तान यांत विभागला आहे. त्याचे नाव त्यांना कायमचे चिकटले, पण त्यांची विद्वत्ता बहरली ती बगदादमध्ये, अब्बासी खलीफा मामून (८१३–८३३) यांच्या काळात. 'बैतुल हिकमा' या विद्याकेंद्रात ग्रीक आणि भारतीय विद्येचे ग्रंथ अरबीत उतरत होते. ख्वारिज्मींनी भारतीय अंकपद्धतीवर पुस्तक लिहिले आणि भारतीय गणनेच्या आधारे ग्रहताऱ्यांची कोष्टके तयार केली. आपल्या भूमीतील विद्या त्यांनी मोकळ्या मनाने स्वीकारली, याची नोंद आपण अवश्य ठेवावी.

त्यांचा 'अल-जब्र वल-मुकाबला' हा ग्रंथ खलीफा मामून यांना अर्पण केलेला आहे. वारसा, मृत्युपत्र, व्यापार, जमिनीची मोजणी, कालव्यांची खोदाई अशा नित्याच्या कामांसाठी तो लिहिला गेला. त्यात आजच्यासारखी एकही खूण नाही. अज्ञात संख्येला ते 'शय', म्हणजे वस्तू, म्हणतात आणि सारे गणित शब्दांतच मांडतात. वजा झालेली राशी दुसऱ्या बाजूस मिळवून तूट भरून काढणे म्हणजे 'जब्र'; दोन्ही बाजूंच्या सारख्या राशी समोरासमोर ठेवून कमी करणे म्हणजे 'मुकाबला'. ग्रंथाचा जवळजवळ अर्धा भाग मृत्युपत्र आणि वारसा यांच्या प्रश्नांनी व्यापला आहे. मदरशात 'सिराजी' वाचताना हिश्शांची तसहीह करून ज्यांची बोटे झिजली आहेत, त्यांना हा भाग परका वाटणार नाही!

त्यांतील एक प्रश्न पाहा. एक मनुष्य मरण पावतो. मागे दोन मुलगे, रोख १० दिरहम आणि एका मुलाकडून येणे असलेले १० दिरहम कर्ज. आपल्या मालमत्तेचा एक तृतीयांश भाग तो एका परक्या माणसास देऊन गेला आहे. कर्जदार मुलाच्या वाट्याएवढीच रक्कम त्याच्या कर्जातून वळती करायची आहे. पण मालमत्ता किती ते कळल्याशिवाय वाटा ठरत नाही, आणि वाटा ठरल्याशिवाय मालमत्ता कळत नाही. या पेचातून वाट कशी काढावी?

ख्वारिज्मी त्या वाट्यालाच 'शय' म्हणतात. मालमत्ता झाली १० आणि एक शय. तिचा एक तृतीयांश परक्याचा. उरलेल्याचे दोन समान भाग मुलांचे. प्रत्येक मुलाला ३ पूर्णांक एक तृतीयांश दिरहम आणि शयचा एक तृतीयांश मिळतो. आणि हेच शय आहे. दोन्हीकडून शयचा एक तृतीयांश काढला की शयचे दोन तृतीयांश ३ पूर्णांक एक तृतीयांशाइतके उरतात. म्हणून शय ५.

आता येथेच थांबू नका. आलेले ५ पुन्हा मूळ प्रश्नात घालून पाहा. १० आणि ५ मिळून १५. त्याचा एक तृतीयांश ५ परक्याला. उरलेल्या १० पैकी प्रत्येक मुलाला ५. रोख १० दिरहमांतून परक्याला ५, दुसऱ्या मुलाला ५. कर्जदाराचे ५ कर्जातून वळते. हिशेब जुळला. कोणी घाईने ४ उत्तर काढले असते, तर १४चा तृतीयांश ४ भरत नाही, हे या एका पायरीवर उघड झाले असते. वहीत ही चूक एका गुणाची. वाटणीत ती कोणाच्या तरी हक्काची असते.

हीच गोष्ट डोळ्यांनीही पाहता येते. रोख रक्कम ६ असेल तर शय ३ येतो, १६ असेल तर ८. आलेख-कागदावर रोख आडव्या अक्षावर आणि शय उभ्या अक्षावर घेऊन हे बिंदू मांडा. (६, ३), (१०, ५), (१६, ८) एकाच सरळ रेषेवर येतील. चुकलेला (१०, ४) हा बिंदू रेषेखाली एकटा पडेल. रोख २०च्या पुढे गेली की मात्र सगळे कर्ज फिटून जाते, नियम बदलतो आणि रेषेची दिशाही. असे आलेख ख्वारिज्मींनी काढले नाहीत. समीकरणे आणि रेषा यांची सांगड युरोपात १६३७ साली देकार्तच्या ग्रंथाने घातली. तथापि प्रत्येक स्थळ दोन संख्यांनी निश्चित करण्याची रीत ख्वारिज्मींच्या हाती होती : त्यांच्या भूगोलग्रंथात शहरे, पर्वत, नद्या रेखांश-अक्षांशांसह नोंदवलेल्या आहेत.

इ. स. ८५०च्या सुमारास त्यांचा इंतकाल झाला. ११४५मध्ये स्पेनमधील सेगोव्हिया येथे रॉबर्ट ऑफ चेस्टर याने त्यांचे बीजगणित लॅटिनमध्ये नेले. 'जब्र'वरून युरोपीय भाषांत या शास्त्राचे नाव पडले आणि 'अल-ख्वारिज्मी'वरून 'अल्गोरिदम' हा शब्द आला. त्या लॅटिन भाषांतरात वारशाचा भाग मात्र नव्हता. समीकरणे गेली, वारस मागे राहिले. १८३१ साली लंडनमध्ये फ्रेडरिक रोझेनने ऑक्सफर्डच्या हस्तलिखितावरून ग्रंथ इंग्रजीत आणला, तेव्हा ते दोन मुलगे आणि त्यांचे १० दिरहम युरोपीय वाचकांसमोर आले.