राजनिष्ठेची बोट

धार-देवासचे पवार आणि ग्वाल्हेरचे शिंदे ही मध्य भारतातील नामांकित मराठी राजघराणी. देवासजवळचे उज्जैन शिंद्यांच्याच राज्यात होते. या घराण्यातील माधवराव महाराजांचा जन्म १८७६ चा. १८८६ साली, वडील जयाजीराव वारल्यावर, ते बालपणीच गादीवर आले.

आगगाडीचा त्यांना मोठा नाद. राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर चांदीची छोटी गाडी फिरे. पण हा नाद वाड्यापुरता उरला नाही. अवघ्या दोन फूट रुंदीच्या रुळांवरची गाडी १८९९ मध्ये ग्वाल्हेरहून भिंड व शिवपुरीकडे रयतेसाठी धावू लागली.

युद्धकाळातही त्यांनी वाहनच दिले. १९०० च्या चीन मोहिमेत त्यांनी इस्पितळ-जहाज पुरविले. १९१४ मध्ये महायुद्ध पेटल्यावर एक प्रवासी आगबोट विकत घेऊन ती हिंदी जखमी सैनिकांसाठी सज्ज केली. तिचे नाव ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा. ती निष्ठा अर्थातच इंग्रज सरकारशी होती.

युद्ध संपले आणि वालचंद हिराचंद व नरोत्तम मोरारजी यांच्या सिंदिया कंपनीने तीच बोट घेतली. ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनकडे निघाली, ती इंग्रजी कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान देण्यासाठी. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

माधवराव १९२५ मध्ये पॅरिसला निवर्तले. राजनिष्ठेच्या नावाने घेतलेली बोट स्वदेशी जहाजवाहतुकीच्या कामी आली, हा इतिहासाचा न्याय विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा.