हिवतापाच्या मागावर : सर रोनाल्ड रॉस

भिलाईचा उन्हाळा ज्यांनी एकदा सोसला आहे, त्यांना कूलरचे महत्त्व सांगावयास नको. चैत्र सरता सरता सेक्टरासेक्टरांतील खिडक्यांवर पत्र्याच्या पेट्या चढतात आणि मृगाच्या सरी येईपर्यंत त्यांची घरघर अहोरात्र चालू असते. पुढे पाऊस पडतो, पेटी बंद होते. तळातील पाणी मात्र तसेच राहते. २०१८ च्या पावसाळ्यात आपल्या या नगरात डेंग्यूची मोठी साथ आली. लहान मुलेही तिच्या तडाख्यातून सुटली नाहीत. साचलेले पाणी उपडे करा, हे वाक्य त्या दिवसांत आपण सर्वांनी कंटाळा येईतो ऐकले. हीच गोष्ट १८८३ साली बंगळूरच्या छावणीत एक तरुण लष्करी डॉक्टर आपल्या वरिष्ठांना सांगत होता आणि ती ऐकावयास कोणी तयार नव्हते. त्या डॉक्टरचे चरित्र मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या वाचकांसमोर ठेवावे, असे आम्हांस वाटले.

रोनाल्ड रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अलमोडा येथे झाला. मीरतेच्या शिपायांनी बंड पुकारले त्यास तेव्हा तीनच दिवस लोटले होते. वडील हिंदुस्थानच्या फौजेत अधिकारी. आठव्या वर्षी मुलाची रवानगी विलायतेस झाली. त्याला ओढ होती काव्याची, चित्रकलेची आणि संगीताची; वैद्यकाकडे तो वळला तो केवळ पित्याच्या आग्रहास्तव. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील त्याचे शिक्षण यथातथाच झाले. १८८१ साली इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये प्रवेश मिळवून रॉस हिंदुस्थानात परतले. पहिली काही वर्षे कविता, कादंबऱ्या आणि गणित यांतच त्यांचे मन अधिक रमले होते.

बंगळूरच्या बंगल्यात त्यांना डासांचा विलक्षण उपद्रव होई. खिडकीबाहेर पाण्याचे एक पिंप होते. त्यात अळ्या वळवळताना दिसताच त्यांनी ते उपडे केले आणि डास कमी झाले. इतरांची पिंपेही अशीच रिकामी करावीत, ही सूचना मात्र छावणीच्या अधिकाऱ्यास पटली नाही. सरकारी कचेरीत हयात घालविलेल्या आमच्यासारख्यास त्या नकाराचे नवल वाटत नाही.

हिवताप हा दूषित हवेमुळे होतो, अशीच तेव्हा सर्वत्र समजूत होती. मलेरिया या शब्दाचा मूळ इटालियन अर्थच वाईट हवा असा आहे. ही समजूत अगदीच निराधार होती असे नव्हे. दलदल, ऊब आणि पाऊस यांच्याशी तापाचे नाते लोकांनी अचूक हेरले होते. मधला दुवा तेवढा कोणास दिसत नव्हता. १८८० मध्ये लाव्हेराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरने अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात हिवतापाचे परजीवी जंतू पाहिले. हत्तीरोगाचे सूक्ष्म कृमी डासाच्या शरीरात वाढतात, हे पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमध्ये त्यापूर्वीच दाखविले होते. १८९४ साली लंडनमध्ये रॉस त्यांना भेटले. हिवतापाचा जंतूही डासातच वाढत असावा, हा मॅन्सन यांचा तर्क बरोबर होता. पण डास पाण्यात मरून पडतो आणि ते पाणी पिऊन माणूस आजारी पडतो, ही त्यांची पुढची कल्पना चुकीची होती. तिच्यापायी रॉस यांचे पुष्कळ श्रम व्यर्थ गेले.

१८९५ च्या वसंतात रॉस मुंबई बंदरात उतरले. जकातीतून सामान सुटण्याचीही वाट न पाहता त्यांनी थेट रुग्णालय गाठले आणि हिवतापाच्या रुग्णांचे रक्त तपासावयास आरंभ केला. पुढे सिकंदराबादेस दोन वर्षे त्यांनी डासांमागून डास चिरले. हाती काही लागेना, कारण घरात सहज सापडणारे करडे आणि पट्टेरी डास हिवतापाचे वाहकच नव्हेत. मध्येच कॉलऱ्यासाठी बंगळूरला पाठवणी झाली. १८९७ च्या उन्हाळ्यात ते उटकमंडजवळच्या सिगूर घाटात गेले आणि खुद्द त्यांनाच हिवतापाने गाठले. तेथेच ठिपकेदार पंखांचा एक निराळा डास त्यांच्या नजरेस पडला.

त्याच वर्षीच्या ऑगस्टात सिकंदराबादच्या बेगमपेठेतील रुग्णालयात हुसेन खान नावाचा एक रुग्ण होता. ठिपकेदार पंखांचे, अळीपासून वाढविलेले डास त्याला चाववून घेण्यात आले; दर डासामागे त्यास एक आणा मिळे. हवा इतकी कोंदट होती की घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते. पंखा ओढावा तर चिरलेले डास उडून जातील, म्हणून तोही बंद. २० ऑगस्ट रोजी अखेरच्या काही डासांपैकी एकाच्या जठराच्या भित्तीत रॉस यांना गोल पेशी दिसल्या. त्यांत हिवतापाच्या जंतूंचे ते परिचित काळे कण होते. दुसऱ्या दिवशी चिरलेल्या डासात त्या पेशी अधिक मोठ्या झालेल्या आढळल्या. म्हणजे जंतू डासाच्या शरीरात जिवंत होता आणि वाढत होता.

आता हाताशी आलेले काम पुरे करावयाचे, तोच सप्टेंबरात बदलीचा हुकूम आला. अखेर रवानगी झाली ती राजपुतान्यातील उदेपूरनजीकच्या खेरवाडा या छावणीत. तेथे हिवताप जवळपास नव्हताच! ज्याचा शोध घ्यावयाचा, तो रोगच नसलेल्या ठिकाणी संशोधकास बसविण्याची ही करामत कोणा दुष्टाने केली असे मानावयाचे कारण नाही. कोष्टकात एक जागा रिकामी होती, ती भरली एवढेच. रॉस संतापले, राजीनाम्याची भाषा बोलू लागले आणि कबुतरांच्या रक्तातील जंतू पाहत बसले.

येथे थोडे थांबून हवामानाचा विचार करणे अगत्याचे आहे. रुग्णाचे रक्त प्यालेला डास लगेच रोग देऊ शकत नाही. जंतूची डासाच्या पोटातील वाढ पुरी होऊन तो लालोत्पादक ग्रंथीत पोचावा लागतो. पंचवीस ते अठ्ठावीस अंश तापमानात त्यास दहा-बारा दिवस लागतात. वीस अंशांवर तीन आठवडे. आणि सोळा ते अठरा अंशांखाली ही वाढ थांबते. दुसऱ्या बाजूने हवा फार तापली वा कोरडी पडली, तर डासच तितके दिवस जगत नाही. सारा डाव डासाचे उरलेले आयुष्य आणि जंतूच्या वाढीचा काळ यांच्या शर्यतीचा आहे. आपल्याकडे वैशाखात डास कमी आणि श्रावण-भाद्रपदात ताप अधिक, याचे इंगित हेच. जगाचे सरासरी तापमान चढत असता ही शर्यत डोंगराळ भागांत डासास अनुकूल होत जाईल आणि हिमालयाच्या उतारांवर संसर्गाचे महिने वाढतील, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. अलमोडा त्याच उतारांवर वसले आहे.

मॅन्सन यांच्या खटपटीने रॉस यांना १८९८ च्या फेब्रुवारीत कलकत्त्यास खास कामावर नेमण्यात आले. तेथेही ऋतू आडवा आला. पावसाळ्याला अवकाश असल्याने हिवतापाचे रुग्ण थोडे. त्यात प्लेगाच्या लसीची अफवा पसरलेली. बोटास सुई टोचू पाहणारा साहेब दिसताच लोक पळ काढीत. तेव्हा रॉस पक्ष्यांच्या हिवतापाकडे वळले. महंमद बक्ष हा त्यांचा विश्वासू मदतनीस. चिमण्या आणि डास यांचा सांभाळ त्यानेही केला. जुलैत तो अखेरचा दुवा सापडला : जंतू डासाच्या लालोत्पादक ग्रंथीत जमतात आणि दंशावाटे निरोगी पक्ष्यात शिरतात. त्याच महिन्यात एडिंबरो येथील वैद्यकांच्या सभेत मॅन्सन यांनी हे वृत्त जाहीर केले. मानवी हिवतापासंबंधी हाच प्रकार इटलीत ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस ॲनॉफेलीस डासावर सिद्ध केला. श्रेय कोणाचे, यावरून रॉस आणि ग्रासी यांचे जे भांडण जुंपले ते उभयतांच्या हयातीत मिटले नाही. १९०२ चे नोबेल पारितोषिक एकट्या रॉस यांना मिळाले. आमच्या मते पहिला मान त्यांचाच. पण प्रतिस्पर्ध्याविषयी त्यांनी जी कटुता बाळगली, ती त्यांच्या थोरवीस शोभत नाही.

१८९९ मध्ये हिंदुस्थान सोडून ते लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या संस्थेत रुजू झाले. सिएरा लिओन, सुएझ कालव्याकाठचे इस्माइलिया, मॉरिशस अशी त्यांची भ्रमंती झाली. मॉरिशसच्या निमित्ताने जुने गणितप्रेम कामी आले. हिवताप थांबविण्यास शेवटचा डासही मारावा लागत नाही, त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली तरी रोग आपोआप ओसरतो, हे त्यांनी समीकरणांनी मांडले. लाहोरजवळील मियाँ मीर छावणीतला डासनिर्मूलनाचा प्रयोग फसल्यामुळे सरकारदरबारी त्यांच्या मताची टर उडविली जात होती. आज मात्र साथींचे गणित याच पायावर उभे आहे.

मुंबईत या विचाराची प्रचीती आली. १९११ च्या सुमारास डॉ. बेंटली यांनी पाहणी करून असे दाखविले की, त्या शहरातील हिवतापाचे माहेरघर कोणतीही दलदल नसून घरोघरच्या विहिरी होत. त्या बुजवाव्यात किंवा झाकाव्यात, असे ठरताच धर्मभावनेच्या नावाने मोठा विरोध झाला. डासाची प्रत्येक जात आपले पाणी निवडून घेते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आपल्या छत्तीसगडातील एक वाहक भातखाचरे आणि खड्डे पसंत करतो, तर दुसरा बस्तरकडच्या जंगलातील संथ, स्वच्छ झरे. डेंग्यूच्या डासास कूलर, टायर आणि कुंडीखालची बशी पुरते. त्याची अंडी कोरड्या भांड्यास कित्येक महिने चिकटून राहतात. त्यामुळे कूलर नुसता रिकामा करून भागत नाही, तो घासावा लागतो. देशातील हिवतापाचे रुग्ण १९६५ च्या सुमारास वर्षाला लाखाच्या घरात उतरले होते; १९७६ साली ती संख्या चौसष्ट लाखांवर गेली. डी. डी. टी. ला डास दाद देईनासे झाले होते आणि फवारणीत ढिलाई आली होती. छत्तीसगडात २०२० पासून बस्तर हिवतापमुक्त करण्याची मोहीम चालली, तीत लक्षणे असोत वा नसोत, घरोघरी जाऊन रक्त तपासण्यात आले.

रॉस यांना १९११ साली सर ही पदवी मिळाली. १९२६ मध्ये लंडनच्या पटनी भागात त्यांच्या नावे संस्था निघाली. १९२७ च्या आरंभी ते पुन्हा कलकत्त्यास आले. ज्या रुग्णालयाच्या आवारात त्यांनी चिमण्या पाळल्या होत्या, तेथील स्मारकद्वाराचे अनावरण त्यांच्या उपस्थितीत झाले. प्रकृती खालावली होती आणि पैशाची चणचण कायम होती; इतकी, की पुढील वर्षी त्यांनी आपली कागदपत्रे विकावयास काढली. १९३१ मध्ये पत्नी निवर्तली. १६ सप्टेंबर १९३२ रोजी स्वतःच्या नावाच्या त्या संस्थेतच रॉस यांचा देहान्त झाला. बेगमपेठेतील त्यांच्या कामाची इमारत उस्मानिया विद्यापीठाने जतन केली आहे.