पंतोजींचे टीकाकार, शिक्षकांचे कैवारी

महात्मा जोतीराव फुले म्हटले की मुलींची पहिली शाळा, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी उघडलेली ज्ञानाची दारे आणि सत्यशोधक समाज हे सारे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. मात्र खेड्यातल्या शाळामास्तराला पोटापुरता पगार मिळावा, गावात मान मिळावा आणि त्याच्या कामाचे चीज व्हावे, यासाठीही त्यांनी लेखणी उचलली होती, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्यांच्या चरित्राचा हा पैलू शिक्षकांच्या आजच्या प्रश्नांच्या संदर्भात आवर्जून पाहावा असा आहे.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. वडील गोविंदराव यांचा पुण्यात फुलांचा व्यवसाय होता. लहानपणी जोतीरावांची शाळा मध्येच सुटली. मुलाची बुद्धी वाया जाऊ नये असे वाटणाऱ्या शेजाऱ्यांनी वडिलांचे मन वळविले आणि १८४१ मध्ये ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. १८४८ साली त्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली. पत्नी सावित्रीबाईंना त्यांनी आधी घरी शिकविले, पुढे त्यांनी अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षणही घेतले. शिकविण्याची तळमळ हवीच, पण शिकवावे कसे हेही शिकावे लागते, ही जाण या दांपत्याला प्रारंभापासून होती. शाळेच्या वाटेवर सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला जाई. शिक्षकाचा अवमान म्हणजे काय, हे जोतीरावांनी स्वतःच्या घरात अनुभवले होते. १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे त्यांचा सत्कार झाला. कामाची कदर झाली की माणसाला किती बळ येते, हेही त्यांना त्यामुळे ठाऊक होते. त्यांनी स्वतः आपल्या शाळांत आणि मिशनच्या मुलींच्या शाळेतही काही वर्षे शिकविले.

पुढे सरकारी शाळा वाढल्या, पण त्यांचा लाभ शेतकऱ्यांच्या मुलांपर्यंत पोहोचेना. बहुतेक शिक्षक ब्राह्मण होते आणि सोवळ्याओवळ्याच्या कल्पनांमुळे ते बहुजनांच्या मुलांपासून अंतर राखीत, असे जोतीरावांचे निरीक्षण होते. १८६९ मध्ये त्यांनी विद्याखात्यातील अशा पंतोजींवर पवाडा रचला. त्यातील टीका जहाल होती. शिक्षकवर्गाचा हा कठोर टीकाकार पुढे त्याच वर्गाच्या पगारवाढीसाठी सरकारदरबारी शब्द टाकील, असे तेव्हा कोणालाच वाटले नसते.

ती वेळ १८८२ मध्ये आली. भारतातील शिक्षणाची पाहणी करण्यासाठी सरकारने विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी त्याला आपले निवेदन सादर केले. व्यापारी, शेतकरी आणि पुणे नगरपालिकेचे सभासद अशी आपली ओळख त्यांनी त्यात दिली आहे. प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, ही त्यातील मागणी सुपरिचित आहे. शिक्षकांविषयीचा भागही तितकाच मोलाचा आहे.

खेड्यातील शिक्षकांना दहा रुपयांहून अधिक वेतन क्वचितच मिळते, बरेचसे शिक्षक अप्रशिक्षित आहेत आणि त्यांचे ज्ञानही बेताचेच आहे, असे दुखणे त्यांनी प्रथम मांडले. चांगली माणसे या पेशात यावीत असे वाटत असेल तर पगार निदान बारा रुपये आणि मोठ्या गावांत पंधरा ते वीस रुपये असावा, असे त्यांनी सुचविले. शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातून निवडावेत; नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची त्यांना लाज वाटता कामा नये; त्यांच्या प्रशिक्षणात शेती आणि आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान असावे, असा त्यांचा आग्रह होता.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. गावच्या हिशेबांची तपासणी, दस्तनोंदणी, टपाल किंवा मुद्रांकविक्री अशा कामांशी शिक्षकाला जोडले तर गावात त्याचा दर्जा वाढेल, असे त्यांचे मत होते. ज्याचे अधिक विद्यार्थी उत्तीर्ण होतील, त्याला पगाराव्यतिरिक्त खास भत्ता देऊन उत्तेजन द्यावे, असेही त्यांनी लिहिले. मात्र परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत गरीब, निरक्षर समाजात रुजणार नाही, याबद्दल त्यांना शंका नव्हती. जिथे शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तिथे अशा अनुदानाच्या भरवशावर कोणता शिक्षक शाळा काढील आणि पोट कसे भरील, असा त्यांचा साधा हिशेब होता. पोटाची खात्री आधी आणि बक्षीस त्यावर, हा क्रम त्यांनी अचूक ओळखला होता.

शाळातपासणीबाबतही ते स्पष्ट बोलले. वर्षातून एकदा येणाऱ्या अधिकाऱ्याच्या भेटीने काही साधत नाही. निदान दर तिमाहीला, आणि अधूनमधून पूर्वसूचना न देताही तपासणी व्हावी, असे त्यांनी सुचविले. शिक्षकाला सन्मान द्यावा, पण त्याच्याकडून कामही घ्यावे, असा हा तोल होता.

जोतीरावांची सक्तीच्या शिक्षणाची मागणी तेव्हा मान्य झाली नाही. मुंबईकरांनी १८८८ मध्ये त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी त्यांना पक्षाघाताने गाठले आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. देशाला शिक्षणहक्क कायदा मिळण्यास २००९ साल उजाडावे लागले. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीनिवारण यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत, असे हा कायदा सांगतो. तरीही अशा कामांच्या ओझ्याची तक्रार शिक्षक सातत्याने करीत आले आहेत. जोतीरावांनी सुचविलेली गावकामे शिक्षकाची प्रतिष्ठा वाढविण्यासाठी होती, त्याला वर्गापासून दूर नेण्यासाठी नव्हेत, हा भेद येथे ध्यानात घ्यावा लागेल. महाराष्ट्रात २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली आणि नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर जाऊ लागली. त्या मानधनात पुढे वाढ झाली, पण पोटाची खात्री आधी हा जोतीरावांचा क्रम त्यात उलटाच झाला होता.

शिक्षकांचे दोष जोतीरावांनी कधी झाकले नाहीत. तरीही त्या दोषांवर त्यांनी सुचविलेला उपाय चांगले प्रशिक्षण, पुरेसा पगार आणि गावात मान हाच होता. शिक्षकांकडून अपेक्षा बाळगणाऱ्या समाजाने आणि सरकारने हा उपाय आजही मनावर घ्यावा, असाच आहे.