डेल्फ्टच्या चित्रकाराची उधारी

योहानेस व्हर्मीर १६७५ च्या डिसेंबरात वयाच्या ४३ व्या वर्षी निधन पावला, तेव्हा डेल्फ्टमधील एका पाववाल्याची ६०० गिल्डरांहून अधिक बाकी थकली होती. विधवेने त्यापोटी दोन चित्रे त्याच्या हवाली केली.

ही वेळ आळसाने वा व्यसनाने आली, असे मानण्यास आधार नाही. खानावळ चालविणाऱ्या, चित्रेही विकणाऱ्या बापाचा हा मुलगा १६५३ साली चित्रकारांच्या संघात दाखल झाला. पत्र वाचणारी स्त्री, दूध ओतणारी मोलकरीण असे साधे घरगुती विषय तो निवडी. मात्र निळाईसाठी अफगाणिस्तानातील लाजवर्द दगडाचा अतिशय महाग रंग वापरी. वर्षाकाठी दोन-तीनच चित्रे पुरी होत. त्यांतील बरीचशी एकाच धनिकाने घेतलेली दिसतात. शिवाय सासूच्या घराचा आसरा होता. तोवर निभावले.

१६७२ मध्ये फ्रेंच फौजा नेदरलँड्समध्ये घुसल्या आणि चित्रांचा बाजार बसला. संकटात चैनीच्या वस्तूंची मागणी प्रथम आटते, हे वर्गात सांगणे सोपे. येथे तो सिद्धान्त ११ मुलांच्या घरावर कोसळला. इतरांची चित्रे विकण्याचा त्याचा जोडधंदाही बुडाला. १६९६ च्या ॲमस्टरडॅममधील लिलावात त्या मोलकरणीचे चित्र १७५ गिल्डरांना गेले. पाववाल्याच्या बाकीचा तिसरा हिस्साही त्यातून फिटला नसता.